मिसळलेला लॉग: वेगळा करून वाचावा की डेटाबेसच बदलावा?

देवगडच्या एका आंबा निर्यातदाराकडचा पोस्टग्रेस (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर माझ्याकडे आहे. बागायतदारांचा डेटाबेस यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत), युरोपातल्या ग्राहकांचा जुना डेटाबेस लॅटिन-१ या पश्चिम युरोपी लिपीच्या एन्कोडिंगमध्ये, क्लस्टर (एकाच सर्व्हरखाली चालणारा डेटाबेसचा गट) मात्र एकच. लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची फाइल, दोघांची एकच, आणि प्रत्येक डेटाबेस तीत आपल्याच एन्कोडिंगमध्ये लिहितो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, तर म्युन्शेन (म्युनिक) या नावातला दोन टिंबांचा यू लॅटिन-१ मध्ये एका बाइटचा, आणि तो बाइट यूटीएफ-८ मध्ये मुळातच अवैध. म्हणून अख्खा लॉग एकाच एन्कोडिंगने नीट वाचता येत नाही.

लॉगचे संदेश इंग्रजीत ठेवले की प्रश्न मिटतो, असं काही जण सुचवतात. संदेश सुधारतात, हे खरं. पण एरर देणाऱ्या क्वेरीचा (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेचा) मजकूर पोस्टग्रेस आपणहून लॉगमध्ये टाकतो, आणि नावं-पत्ते नेमके तिथेच असतात.

मग दोन वाटा राहतात. पहिली म्हणजे डेटाबेसना हात न लावता लॉग वेगळा करणं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) लॉगच्या तिसऱ्या रकान्यात डेटाबेसचं नाव असतं. पायथनमध्ये अख्खी फाइल लॅटिन-१ म्हणून उघडायची (त्यात कुठलाही बाइट अडत नाही), सीएसव्ही म्हणून वाचायची, आणि यूटीएफ-८ वाल्या डेटाबेसच्या नोंदी पुन्हा बाइट करून नीट उलगडायच्या. ओळीओळीने तोडू नका. लांब क्वेरी अनेक ओळींवर पसरते. सर्व्हर बंद करावा लागत नाही, हा या वाटेचा मोठा गुण.

मला खटकलं ते इथेच. लॉग टेबलात भरून शोधायची माझी सवय आहे. पण फाइल टेबलात भरणारी पोस्टग्रेसची कॉपी कमांड पूर्ण फाइलला एकच एन्कोडिंग मानते. यूटीएफ-८ सांगितलं, तर त्या यूपाशी ‘इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स’ म्हणून सगळं भरणं रद्द. आधी नीट वाचलेल्या ओळीही जातात. लॅटिन-१ सांगितलं, तर कुरकुर न करता सगळं भरतं आणि मराठी नावांचा चिखल होतो. एप्रिलमध्ये, पेट्या निघायच्या घाईत एखादी ऑर्डर अडकते, तेव्हा आधी स्क्रिप्ट चालवा आणि मग कारण शोधा, हे मला फार जाचायचं. लॉग हवा तेव्हा लगेच वाचता यायला हवा.

दुसरी वाट म्हणजे लॅटिन-१ डेटाबेसच यूटीएफ-८ करणं. असलेल्या डेटाबेसचं एन्कोडिंग बदलता येत नाही. टेम्प्लेट-झिरो या पोस्टग्रेसच्या कोऱ्या साच्यावरून नवा बनवून त्यात डंप (जुन्या डेटाची काढलेली प्रत) उतरवावा लागतो. जुन्या बिलिंग प्रोग्रामने क्लायंट एन्कोडिंग (सर्व्हरशी बोलताना वापरायचं एन्कोडिंग) स्वतः ठरवलं नसेल, तर तो डेटाबेसचं एन्कोडिंग धरतो, म्हणून त्याच्या रोलवर (पोस्टग्रेसमधल्या त्याच्या खात्यावर) लॅटिन-१ आधीच बसवून ठेवा. ते केल्यावर आमच्या प्रोग्रामला बदल जाणवलाही नाही. हंगाम संपल्यावर, जूनमध्ये हे केलं, आणि आता लॉग थेट टेबलात जातो.

दोन वेगळी क्लस्टर चालवणं हाही मार्ग आहे, पण छोट्या सर्व्हरवर मेमरी दोघांत वाटणं मला परवडलं नसतं.

तुमची गरज वेगळी असू शकते. बारा महिने सर्व्हर थांबवताच येत नसेल, तर पहिली वाट वाईट नाही. मला विचाराल तर मात्र दुसरीच. फक्त आधी डेटा उघडून बघा: लॅटिन-१ च्या नावाखाली जुन्या मराठी फॉन्टचे कोड साठवलेले असतील, तर रूपांतर बिनतक्रार होतं, पण नावं वाचता येत नाहीत ती नाहीतच. त्यांच्यासाठी त्या फॉन्टचा कन्व्हर्टर आधी शोधावा लागेल.