लिनक्स मिंट २२ आणि जुन्या लॅपटॉपचं वायफाय : काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम. ते कसं आहे, असं कोणी विचारलं की माझं उत्तर दोन तुकड्यांत येतं. वायफाय सोडून बाकी सगळं झकास. वायफाय चालतं, पण पहिले काही आठवडे त्याच्या मागे लागावं लागतं. पहिल्या तुकड्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे फक्त दुसरा.

लॅपटॉप २०१७ चा, ८ जीबी रॅमचा. प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. चांगलं चालणारं मशीन भंगारात काढणं पटेना, म्हणून मिंट. ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमवर बेतलेली आहे आणि सोबत ६.८ कर्नल (सिस्टीमचा गाभा) येतो. मी ऑनलाइन शिकवण्या घेते, त्यामुळे तासाच्या मध्येच नेट जाणं मला परवडत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर वायफायचं चिन्हच दिसत नव्हतं. ड्रायव्हर मॅनेजर म्हणतो ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्राम) उतरवून घ्या, आणि तो उतरवायला नेट हवं! यावर सोपा उपाय आहे : फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करायचं. मिंट ते लगेच ओळखतं, वेगळं काही घालावं लागत नाही.

तरी चिन्ह येत नसेल, तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एलएसपीसीआय ही आज्ञा ‘के’ पर्यायासह (lspci -k) चालवा. कार्डाच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर ड्रायव्हर लागलेलाच नाही. ओळ आहे पण वायफाय नाही, असं असेल तर डीमेसेजमध्ये (dmesg, म्हणजे कर्नलच्या नोंदी) ‘फर्मवेअर’ (firmware, कार्डात भरायचा प्रोग्राम) शोधा. फर्मवेअरची फाइल सापडली नाही तर तिचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. आरएफकिल (rfkill, वायफाय अडवलंय का ते सांगणारी आज्ञा) ‘हार्ड ब्लॉक्ड’ दाखवत असेल तर लॅपटॉपवरचं बटण किंवा फंक्शन की तपासा. ही माहिती न देता नुसतं ‘वायफाय चालत नाही’ म्हणून मदत मागितली, तर उत्तरं अंदाजपंचेच मिळतात.

सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्राम सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी येते. बाहेरचा, म्हणजे कर्नलसोबत न आलेला ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK, ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. नुसतं ‘कंटिन्यू’ दाबलं तर ड्रायव्हर टाकलेला असूनही कर्नल तो घेत नाही, आणि कारण सांगणारी एखादी खिडकीसुद्धा उघडत नाही. मिंटबद्दल माझी खरी नाराजी इथे आहे. नवखा माणूस त्या निळ्या पडद्याला घाबरणारच.

सर्वांत जास्त छळलं ते पुढच्या दुखण्याने. सिग्नल पूर्ण, जोडणी कायम, आणि पान उघडत नाही. वायफाय बंद-चालू केलं की थोडा वेळ बरं. अशा वेळी घरातले आधी नेटवाल्याला फोन लावतात. त्याआधी राउटरलाच पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते) पाहावं; पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असतो. राउटर नीट उत्तर देतोय आणि बाहेरचं काही उघडत नाही, तर दोष पुढे कुठेतरी आहे. माझ्याकडे राउटरच कधी ३ मिलिसेकंदांत, कधी शंभराच्या वर, तर कधी अजिबात उत्तर देत नव्हता, आणि शेजारीच ठेवलेल्या फोनवर सगळं सुरळीत.

कारण निघालं पॉवर सेव्ह, म्हणजे वायफाय कार्डाची वीज वाचवण्याची सोय. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश पाठवतो. पॉवर सेव्हमधलं कार्ड मधल्या वेळात डुलकी काढतं आणि बीकनच्या वेळी जागं होऊन आपल्यासाठी काही आलंय का ते बघतं. तोवर राउटर पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) राखून ठेवतो. दोघांचं गणित जुळलं तर बॅटरी वाचते. काही कार्डांचं जुळत नाही. नेटवर्कमॅनेजर या जोडणी सांभाळणाऱ्या सेवेच्या कॉन्फ-डी (conf.d) फोल्डरमध्ये पॉवरसेव्हची छोटी फाइल असते. तिच्यात ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. आकडा बदलून सेवा रीस्टार्ट केली आणि पिंग खाली येऊन स्थिरावला. बॅटरीत मला जाणवण्यासारखा फरक पडला नाही.

ब्लूटूथ हेडफोन लावले की आवाज तुटायचा, हे प्रकरण निराळं. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झ वायफाय एकाच पट्ट्यात भांडतात, त्यात बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन्ही एकाच कार्डावर. ५ गिगाहर्ट्झला जोडलं की भांडण मिटतं. मात्र आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंतींपलीकडे तो सिग्नल पोचत नाही, म्हणून तास आता राउटरच्याच खोलीत. यूएसबी ३ ची हार्ड डिस्कसुद्धा २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. वायफाय डोंगल वापरत असाल तर ते तिच्या शेजारच्या पोर्टमध्ये नको.

विंडोजही ठेवलं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कधीकधी लिनक्सला कार्ड अर्धवट अवस्थेत मिळतं.

मग एका अपडेटने कर्नल बदलला आणि बाहेरून टाकलेला ड्रायव्हर त्याच्यासाठी तयारच झाला नाही. वायफाय पुन्हा गायब. ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना सिस्टीम निवडायच्या) मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडला की गाडी चालते, त्यामुळे तास बुडाला नाही. पण दर अपडेटला ही धाकधूक कशाला? मी कार्डच बदलून टाकलं.

बदलायचं असेल तर आधी मागचं झाकण उघडून पाहा. कार्डाचा स्लॉट एम.२ प्रकारचा, २२३० (२२ × ३० मिमी) मापाचा असेल तर इंटेलचं एएक्स२०० बसतं. त्याचा ड्रायव्हर ५.१ पासून कर्नलमध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. एएक्स२०१ मात्र घेऊ नका : दिसायला तसंच, पण ते ठरावीक इंटेल प्रोसेसरांसोबतच चालतं. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ओळखीचं नसलेलं कार्ड नाकारतं, तेही खरेदीआधी पाहा. अँटेनाच्या दोन तारांची टोकं फार नाजूक असतात. हात थरथरत असेल तर दुकानातूनच बसवून घ्या.