कापऱ्या हातांसाठीचा बॅटरीवरचा चमचा

वडिलांना इसेन्शियल ट्रेमर आहे, म्हणजे हात कामाला लावताच सुरू होणारा आणि अनेक कुटुंबांत पुढच्या पिढीत उतरणारा कंप. त्यांच्यासाठी हा चमचा घेतला. मुठीतले सेन्सर थरथर ओळखतात आणि लहान मोटरी चमच्याचे टोक तत्क्षणी उलट दिशेला वळवतात, त्यामुळे मूठ हलत असली तरी पातळ पदार्थही फारसा न सांडता तोंडापर्यंत पोहोचतो. कंपाचा झोका मोठा असेल, तर मात्र मोटरींचा आवाका संपतो, आणि ही मर्यादा माहितीपत्रकात ठळकपणे सांगायला हवी होती. पार्किन्सनमधला कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना, सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होतो आणि हालचाल करताना बहुधा कमी होतो, म्हणून जेवताना तिथे या चमच्याला वाव कमी. शिवाय त्या आजारातला हालचालींचा मंदपणा आणि स्नायूंचा ताठरपणा यांवर कोणताही चमचा उपाय करू शकत नाही. कमी वयात कंप सुरू झाला असेल, तर चमचा मागवण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला भेटावे, कारण शरीरात तांबे साठवणारा विल्सनचा आनुवंशिक आजार वेळीच ओळखल्यास औषधांनी आटोक्यात राहतो. मूठ जाड आणि धरायला सोयीची आहे, पण चार्जिंगची पिन कापऱ्या हातांनी बसवता येत नाही, हे अशा वस्तूच्या बाबतीत विचित्रच म्हणायचे.