यूएईत युनिट टाकताय? द्विपक्षीय करार, कंत्राट आणि विमा

बेळगावच्या उद्यमबागेतला एखादा फाउंड्रीवाला यूएईत युनिट टाकायच्या विचारात असेल, तर जागेचं भाडं ठरवण्याआधी त्यानं एक गोष्ट पक्की करावी. उद्या तिथल्या सरकारशीच बिनसलं, तर दाद कुठे मागायची?

भारत-यूएई द्विपक्षीय गुंतवणूक करार 31 ऑगस्ट 2024 पासून लागू आहे. सरकारनं मालमत्ता ताब्यात घेतली, तर सरकारशी कंत्राट नसतानाही त्याला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचता येतं. पण आधी 3 वर्षं तिथल्या कोर्टकचेऱ्या कराव्या लागतात. इतर देशांशी बोलणी करताना भारत जो मसुदा पुढे ठेवतो, त्या नमुना करारात हीच अट 5 वर्षांची आहे. पुढे लवादाचा खर्च लाखो डॉलरचा. आपल्याकडच्या मध्यम कारखानदाराला तो झेपणारा नाही, हे स्पष्टच सांगतो.

कंत्राटातलं लवादाचं कलम त्यामानानं हाताशी असतं. लवाद कुठे बसेल, कुठल्या नियमांनी, कुठल्या भाषेत, त्यात किती जण असतील, हे सगळं त्यात लिहून घ्या. समोर सरकारी कंपनी असेल, तर तिनं सार्वभौम संरक्षण, म्हणजे सरकार म्हणून कोर्टाच्या कारवाईतून मिळणारी सूट, सोडल्याचं वाक्य हवंच. ते नसेल तर निकाल जिंकूनही वसुली अडते. परदेशी लवादाचे निकाल अंमलात आणण्याच्या 1958 च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत, ही जमेची बाजू. मात्र ज्यानं सही केली, त्यालाच हे कलम बांधतं. परवाना रद्द करणारं खातं त्यात येत नाही.

ती फट ईसीजीसी या निर्यातदारांना विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा परदेशी गुंतवणूक विमा बऱ्याच अंशी बुजवतो. युद्ध, सरकारजमा होणं, पैसा मायदेशी आणण्यावर बंदी, या जोखमी त्यात येतात. पश्चिम आशियातली अस्थिरता पाहता हप्त्याचा खर्च मला रास्त वाटतो.

द्विपक्षीय करारांवर फार भिस्त ठेवू नये, याला आणखी एक कारण आहे. असं संरक्षण सरकारं आता काढून घेऊ लागली आहेत. नेदरलँड्सनं कोळशावरची वीज 2030 पर्यंत बंद करायचं ठरवलं, तेव्हा आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीनं 2021 मध्ये ऊर्जा सनद कराराखाली, म्हणजे ऊर्जा क्षेत्रातल्या गुंतवणुकीला असंच संरक्षण देणाऱ्या अनेक देशांच्या कराराखाली, दावा ठोकला. पुढे तो मागे घेतला गेला, पण युरोपीय संघ 28 जून 2025 पासून त्या सनदेतूनच बाहेर पडला. भारत-ब्राझील करारावर 2020 मध्ये सह्या झाल्या, त्यात तर गुंतवणूकदाराला थेट दाव्याची सोयच नाही. मला हे योग्य वाटतं. 2019 च्या पुरात कृष्णा-घटप्रभेकाठची गावं बुडालेली आपण पाहिली आहेत. नदीचे, धुराचे नियम कडक करणाऱ्या सरकारला कोट्यवधींच्या दाव्याची भीती असू नये.

म्हणून फाउंड्रीसारख्या धूर-राखेच्या धंद्यात नियम कडक होतीलच, हे धरून भट्टीचा हिशेब मांडा. आधी कंत्राटाचं कलम, मग विमा. द्विपक्षीय करार अगदी शेवटी. आणि परवानग्यांचा, सरकारी पत्रव्यवहाराचा प्रत्येक कागद तारखेनिशी जपा, तिन्ही ठिकाणी तोच मागतात.