फोटोतला वेगळा कुरव: बारीक चोचीचा, काळ्या डोक्याचा की तपकिरी डोक्याचा?

हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर आणि भिगवणच्या पाण्यावर काळ्या आणि तपकिरी डोक्याचे कुरव, म्हणजे सीगल, भरपूर दिसतात. त्या थव्याच्या फोटोत एखादा पांढऱ्याशुभ्र डोक्याचा, लांब मानेचा सीगल दिसला की मनात पहिलं नाव येतं बारीक चोचीच्या कुरवाचं. कच्छ, जामनगरकडे तो नेहमीचाच. मुंबईकडे त्या मानाने कमी. म्हणून नाव देण्याआधी फोटो नीट तपासायलाच हवा.

बहुतेक जण आधी डोळा बघतात. डोळा फिकट दिसला, की झाला बारीक चोचीचा! पण प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचाही डोळा फिकटच असतो. डोळ्यावरून फार तर काळ्या डोक्याचा बाजूला काढता येतो, कारण त्याचा डोळा गडद असतो.

तपकिरी डोक्याचा ओळखायचा तो पंखावरून. प्रौढाच्या पंखाचं टोक ठळक काळं आणि त्यात मोठे पांढरे ठिपके. उरलेल्या दोघांच्या पंखाच्या पुढच्या कडेला मात्र लांब पांढरी पाचर असते आणि काळा रंग टोकाच्या किनारीपुरता. पंख मिटले की तिघांचीही टोकं काळीच दिसतात. त्यामुळे बसलेल्या पक्ष्याच्या सुबक फोटोपेक्षा उडतानाचा थोडा धूसर फोटो मला जास्त मोलाचा वाटतो. पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या पिल्लाला पांढरे ठिपके नसतात, डोळाही गडद असतो. तिथे टोकाचा भरीव काळा भाग आणि जाड चोच बघा.

बारीक चोचीचा आणि काळ्या डोक्याचा यांचे पंख जवळजवळ सारखे, आकारही सारखाच, साधारण ४० सेंटिमीटर. इथे चेहरा बघायचा. बारीक चोचीच्याचं कपाळ उतरतं, चोच लांब, डोळा चोचीच्या मुळापासून बराच मागे. काळ्या डोक्याच्याचं डोकं गोल, चोच आखूड. हिवाळ्यात त्याच्या कानामागे गडद ठिपका असतो. बारीक चोचीच्याला तो अगदी पुसट किंवा नसतोच. पण कडक उन्हात फोटो जास्त उजळला, तर ठळक ठिपकाही उडून जातो. शिवाय सावध झालेला काळ्या डोक्याचा कुरव मान ताणतो, तेव्हा त्याचंही कपाळ उतरतं भासतं. म्हणून एकाच पक्ष्याचे लागोपाठचे चार-पाच फोटो घ्या, आणि शेजारचे कुरव कापून टाकू नका. तुलना त्यांच्याशीच करायची असते. चोचीच्या लाल-नारिंगी छटेवर मी फारसं विसंबत नाही, संध्याकाळच्या उन्हात सगळंच नारिंगी होतं.

मार्च-एप्रिलमध्ये काम सोपं होतं. काळ्या आणि तपकिरी डोक्याच्या कुरवांच्या डोक्यावर गडद टोपी चढू लागते, बारीक चोचीच्याचं डोकं पांढरंच राहतं आणि पोटावर गुलाबी झाक येते. हिवाळ्यातला एकच, मान ताणलेला, बसलेला फोटो हाती असेल, तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नुसता ‘कुरव’ म्हणून नोंद करा आणि फोटो जोडून ठेवा.