ऐकायचं 'मॅकबेथ': झगा कुणाचा, माप कुणाचं

नाटकांचे कपडे शिवायचं माझं काम. तुरपाई करताना हात आणि डोळे अडकलेले, कान मात्र रिकामे. म्हणून मी ऑडिओ नाटकं विकत घेते. शेक्सपियरचं हे इंग्रजी 'मॅकबेथ', म्हणजे राजा डंकनचा खून करून स्वतः राजा झालेल्या सरदाराचं नाटक, तीन रात्रींत दोनदा ऐकलं. पाचापैकी साडेतीन तारे. दीड का कापले ते सांगतेच.

आधी चांगलं. मॅकबेथ स्वतः बोलायच्या आधी बाकीचे त्याच्याबद्दल बोलून मोकळे होतात, हे नुसतं ऐकताना फार जाणवतं. पहिल्यांदा त्याचं नाव निघतं ते चेटकिणींच्या तोंडून. मग रक्तबंबाळ सैनिक येतो आणि कौतुकाने सांगतो, की मॅकबेथने बंडखोराला नाभीपासून जबड्यापर्यंत उसवला. हो, 'उसवला'च, मूळ शब्दही शिलाईचाच आहे. माझी सुई तिथेच थांबली. ज्याला पुढे डंकनचा मुलगा माल्कम खाटीक म्हणणार, त्याच्याच हाताची ही वाहवा.

डंकनचा नट उत्तम. कॉडरच्या आधीच्या सरदाराने दगा दिलेला, त्यावर राजा म्हणतो, चेहऱ्यावरून मन वाचायची विद्या नाही, माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. वाक्य संपायच्या आत फरशीवर बुटांचा आवाज येतो. मॅकबेथ आला! आणि राजा लगेच त्याच सुरात त्याचं स्वागत करतो. रंगमंचावर हे डोळ्यांना कळतं. इथे फक्त बुटांवर निभावलंय.

कपड्यांचं तर सगळं नाटकभर चालूच आहे. उसने कपडे मला का चढवता, असं आधी मॅकबेथच विचारतो. बँको म्हणतो, नवे मान नव्या कपड्यांसारखे, वापरल्याशिवाय अंगावर बसत नाहीत. हा मित्राचा समजूतदारपणा. मॅकबेथच्या राज्याभिषेकाला न जाता घरी निघालेला सरदार मॅकडफ म्हणतो, जुनेच झगे नव्यांपेक्षा सुखाचे होते असं व्हायला नको म्हणजे झालं. ही शंका. आणि पाचव्या अंकात सरदार अँगस: राक्षसाचा झगा बुटक्या चोराने घातल्यासारखी याची पदवी याच्या अंगावर लोंबते. झग्याचं माप तेच आहे, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत माणूस आटत गेलाय. अँगसच्या आवाजात राग नाही, कंटाळा आहे. तो मला पटला.

आता तक्रार. वर्णनात 'संपूर्ण नाटक' लिहिलंय, पण तिसऱ्या अंकाचा सहावा प्रवेश गायब. बँकोला मॅकबेथनेच मारवलंय, आणि कालपर्यंत मॅकबेथच्या मेजवानीला बसलेला लेनॉक्स तिथे एकही उघड आरोप न करता म्हणतो, बँको बिचारा रात्री फार उशिरापर्यंत फिरत होता. हुकूमशहाबद्दल दरबारी लोक कसे बोलतात याचा हाच तर नमुना! कळवलं, तर उत्तर आलं, कथेला धक्का लागत नाही. कथेला नसेल, माझ्या पैशांना लागला.

दुसरं, लेडी मॅकबेथ पहिल्या ओळीपासून हडळ. हे चुकलंच. नवऱ्याला आतून ओळखणारी तीच एकटी: महत्त्वाकांक्षा आहे, पण त्यासाठी लागणारा दुष्टपणा नाही, माणुसकीचं दूध फार भरलंय. ती तक्रार म्हणून बोलते, पण त्याच्याबद्दल इतकं मऊ नाटकात दुसरं कुणी बोललेलं नाही. नटी ते दात-ओठ खात म्हणते. शेवटी माल्कम तिला राक्षसी म्हणतोच, तेवढं त्याच्यावर सोडायचं होतं.

एका जागेसाठी मात्र पुन्हा ऐकेन. शेवटच्या अंकात मॅकबेथ सेटनकडून चिलखत चढवून घेतो, मध्येच ओरडतो, काढ ते, मग म्हणतो, मागून घेऊन ये. सेटनला धन्याबद्दल काय वाटतं, हे शेक्सपियरने कुठेच लिहिलेलं नाही. इथे बकलं खळखळतात, थांबतात, पुन्हा खळखळतात, आणि सेटनचा नट नाकातून एक श्वास सोडतो. प्रयोगाआधी विंगेत तो श्वास मी रोज सोडते.