पालिका दवाखान्यातलं बाळाचं लसीकरण : पाचपैकी चार तारे

हडपसरच्या अलीकडे राहतो आम्ही. बाळाचे रोटाव्हायरसच्या, म्हणजे जुलाब करणाऱ्या विषाणूवरच्या, लसीचे तिन्ही डोस, म्हणजे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे, पालिकेच्या दवाखान्यात झाले. खर्च शून्य. सासूबाई नाक मुरडत होत्या, "फुकटात काय धड मिळणार?" बाटलीवर नाव वाचलं तर रोटासील, सीरम या लस बनवणाऱ्या कंपनीची. म्हणजे पुण्याचीच की!

सिस्टरचा हात मात्र मानला. पावडर द्रवात मिसळली, बिनसुईच्या सिरिंजमध्ये अडीच मिली ओढलं, बाळाला माझ्या मांडीवर तिरकं धरायला लावलं आणि गालाच्या आतून हळूहळू सोडलं. बाळाने आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग चक्क मिटक्या मारल्या. भोकाड पसरलं ते नंतर, पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या) सुईला.

एक तारा कापला तो गर्दीसाठी. टोकन नाही, पंखा बंद, दुसऱ्या खेपेला पावणेदोन तास ताटकळलो. वर लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं, ते बरोबरच आहे म्हणा.

थोरली 2017ची. ही लस महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात आली 2019मध्ये. अकरा महिन्यांची असताना जुलाब-उलट्यांनी ती दोन दिवस सलाईनवर होती. टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही. ते रोटाचंच होतं का, कुणी तपासलं नाही.

सिस्टरनेच बजावलं, लस घेतली तरी इतर जंतूंचे जुलाब होऊ शकतात. झालेच तर ओआरएस आणि 14 दिवस झिंक.

जाताना कार्ड न्या. आणि हातपंखा.