कोल्हापुरात सहकुटुंब उतरायचं तर: महाद्वार की रंकाळा?

कोल्हापुरात काय बघायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. अंबाबाई, रंकाळा तलाव, न्यू पॅलेस, जोतिबा, पन्हाळा, वेळ उरला तर कणेरी मठ. यादी पाठ असते. अडतं ते मुक्कामावर. बरोबर लहान मुलं आहेत, गुडघे धरलेले आई-वडील आहेत, हाताशी दोन दिवस आहेत आणि गावातून सगळे एकच सांगतात, ‘देवळाजवळच घ्या, सोयीचं पडतं.’ आमच्याकडे हे वाक्य सासऱ्यांचं. ते खोटं नाही. म्हणूनच त्याच्याविरुद्ध बोलताना जरा जपून बोलतो.

आम्ही दोन्हीकडे राहून पाहिलंय. अंबाबाई कुलदैवत असल्यामुळे कोल्हापूर काही चुकत नाही. आधी देवळासमोरच्या महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीतला लॉज ठरलेला असायचा, आता रंकाळ्याकडे उतरतो. मधे एकदा ताराबाई पार्कही झालं, त्याचं पुढे सांगतो.

देवळाजवळ राहण्याचं खरं सुख पहाटेला. मुलं गाढ झोपलेली असतात, आई उठते, आंघोळ करते, पदर सावरत एकटीच काकड आरतीला जाऊन येते आणि चहाच्या वेळेपर्यंत खोलीत परत. कुणाला उठवायचं नाही, रिक्षा शोधायची नाही. दुपारी गर्दी दिसली तर नुसतं मुखदर्शन घेऊन परतायचं, पुन्हा रात्री जायचं. शुक्रवार असेल तर रात्री पालखी. हे सुख दोन किलोमीटर लांबून मिळत नाही, हे मान्यच करायला हवं. शिवाय भवानी मंडप पायाखाली, सराफांची गुजरी पलीकडे, चप्पल लाईन तर दारातच. खासबागेचं मैदानही चालत जाण्यासारखं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेला तो आखाडा रिकामा असला तरी बघावा. मधे लाल माती आणि भोवती उतरत्या पायऱ्या, कुठेही बसा, मल्ल दिसणारच. आमच्या थोरलीने वरच्या पायरीवरून खाली नजर टाकून ‘इथे शिट्टी वाजवली तर ऐकू जाईल का?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाजवली.

मग बिनसलं कुठे? पार्किंगवर खापर फोडता येईल. लॉजवाला फोनवर ‘पार्किंग आहे’ म्हणतो आणि आल्यावर बिंदू चौकाकडे बोट दाखवतो. पण हे एकदाच सोसायचं असतं. गाडी लावली की दोन दिवस तिला विसरायचं.

माझं मन फिरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तिथे पोराचा हात सोडता येत नाही. पायरी उतरलात की रस्ता, आणि रस्त्याला कडा म्हणून नाही. डावीकडे बांगड्यांची गाडी, उजवीकडे ओटीच्या सामानाचं दुकान रस्त्यावर आलेलं, मधून ॲक्टिव्हा, समोरून रिक्षा, आणि या सगळ्यातून निवांत चालणारी एक गाय. धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्याला गायीकडे जायचं होतं, मग फुगेवाल्याकडे, मग पुन्हा गायीकडे. सकाळी दर्शनाच्या रांगेत हात धरलेला, भवानी मंडपात धरलेला, चपला बघताना धरलेला, मिसळ खायला जाताना धरलेला. रात्री खोलीत आल्यावर बायकोने आपलं मनगट चोळत म्हटलं, ‘आज याचा हात सोडला तो फक्त जेवताना.’ त्याच्याही मनगटावर लाल वळ होता. आणि गंमत म्हणजे दिवस चांगला गेला होता. कुणी हरवलं नाही, कुणी पडलं नाही. फक्त दिवसभर ‘अरे इकडे ये’, ‘मागे बघ’, ‘गाडी आली’ एवढंच बोलणं झालं होतं. आजोबांशी नातवंडं जे बोलतात ते काही झालंच नाही.

तुमची मुलं मोठी असतील तर ही अडचण तुम्हाला अडचण वाटणारही नाही. दहा-बारा वर्षांचं पोर महाद्वार रोडवर मजेत हिंडतं. माझा अनुभव चार वर्षांच्या मनगटाचा आहे, तेवढाच धरा.

ताराबाई पार्क आणि स्टेशनची बाजू थोडक्यात. रस्ते रुंद, झाडं, हॉटेलं नीटनेटकी, गाडी दारात. न्यू पॅलेस जवळ पडतो. पण खिडकीतून बघितलं तर आपण कोल्हापुरात आहोत की आणखी कुठे, हे कळत नाही. कामासाठी येणाऱ्याला उत्तम. पोरांना घेऊन संध्याकाळी काय करायचं, याचं उत्तर तिथे ‘चला रंकाळ्यावर’ हेच असतं. मग आधीच तिकडे का उतरू नये?

रंकाळ्याची खोट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कौतुक केलं तरी चालेल. जलपर्णी वाढली की पाण्याला वास मारतो. काही वर्षी तो जाणवतच नाही, काही वर्षी भेळ खाताना नाकाला रुमाल लागतो. सूर्य बुडाला की डास येतात. रविवारी संध्याकाळी चौपाटीवर अख्खं कोल्हापूर उतरलेलं असतं, त्या दिवशी महाद्वार रोड परवडला असं वाटू शकतं. आणि पहाटेच्या आरतीला आईला रिक्षाने पाठवावं लागतं, बरोबर कुणीतरी जावं लागतं. आमच्याकडे ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी.

पण बाकीच्या दिवशी, विशेषतः सकाळी, तळ्याच्या कडेने पदपथावर आलं की पहिल्यांदा हात सुटतो. पाण्याच्या बाजूला दगडी कठडा आहे, पोर धावत पन्नास पावलं पुढे जातं, आपण मागून चालत राहतो. पाणी आहे म्हटल्यावर डोळा ठेवावाच लागतो, पण डोळा ठेवणं वेगळं आणि मनगट धरणं वेगळं. वडील कठड्यावर टेकतात. पाणी उतरलेलं असेल तर संध्यामठ पाण्यातून अर्धा वर आलेला दिसतो, पलीकडे शालिनी पॅलेस. 1930 च्या दशकातला हा राजवाडा राजकन्या शालिनीराजेंच्या नावाने बांधलेला. काही काळ तिथे हॉटेल होतं. लांबून बघण्यातच त्याची शोभा.

मुलांसाठी मात्र राजवाड्याहून मोठी गोष्ट म्हणजे नंदी. रंकाळ्याच्या देवळातला हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो तळ्यापर्यंत पोचेल त्या दिवशी प्रलय, असं कोल्हापुरात सांगतात. आजोबांनी ही गोष्ट सांगितल्यावर थोरलीने हिशेब मांडायला घेतला. गव्हाचा दाणा मोठा की तांदळाचा? तांदूळ कुठला, आंबेमोहोर की बासमती? बासमती असेल तर नंदी उलटा मागेच जाईल. हा वाद पदपथाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरला. ज्या बोलण्याला महाद्वार रोडवर जागा मिळाली नव्हती, ते हेच.

संध्याकाळी भेळ, भाजलेलं कणीस, आईस्क्रीम हे ओघाने आलंच. पद्माराजे बागही जवळ. आणि देवळाकडून रंकाळ्याकडे परतताना वाटेत गंगावेशीचा दूध कट्टा लागतो, तो चुकवू नका. म्हैस समोर उभी, गवळी समोरच धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. पेला कोमट लागतो, मुलांना त्याचंच नवल. धाकट्याने ओठावरची पांढरी मिशी पुसायला चक्क नकार दिला. थोरलीने एक घोट घेऊन ‘गरम कुणी केलं?’ असं विचारलं. गवळी म्हशीकडे बघत म्हणाला, ‘हिनंच की!’ कच्चं दूध पचेल की नाही अशी शंका असेल तर मुलांना घोटभरच द्या, पण दाखवा जरूर.

दुसऱ्या दिवसाचं काय, हाही प्रश्न असतोच. न्यू पॅलेस, पन्हाळा, कणेरी या तिघांतून सहसा एकच नीट होतं. न्यू पॅलेस 1877 ते 1884 या काळात बांधलेला, मेजर मँट यांच्या आराखड्यावरचा. काळ्या दगडाची ती इमारत बाहेरून बघितली की मोठी माणसं खूष होतात. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, तिथे वडील रेंगाळतात. मुलं मात्र पेंढा भरलेल्या वाघापाशी अडकतात आणि नंतर आवारातल्या हरणांपाशी. दीड-दोन तासांत उरकतं, म्हणून जोडीला टाऊन हॉलचं संग्रहालयही घेता येतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती तिथे आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा, हे मुलांना समजावताना आपलीच परीक्षा होते.

कणेरी मठ गोकुळ शिरगावच्या बाजूला, हायवेने सोपा. बारा बलुतेदारांचं अख्खं गाव माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलंय. कुंभार चाकावर, लोहार भात्यापाशी, न्हावी झाडाखाली. शहरातल्या मुलांना ते आवडतं, आणि आजी तर तिथे मार्गदर्शकच होते. पण चालणं बरंच आहे आणि दुपारचं ऊन लागतं. गुडघे दुखत असतील तर सकाळीच जा.

पन्हाळ्याची गोष्ट वेगळी. गाडी थेट वर जाते, त्यामुळे आई-वडिलांचंही जमतं. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी आणि अंबरखाना. अंबरखान्याच्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं म्हणतात, आणि आत शिरल्यावर ते पटतं. 1660 च्या वेढ्याची गोष्ट घरून सांगून न्या, म्हणजे शिवा काशीद आणि बाजीप्रभूंच्या पुतळ्यांपाशी मुलं आपणहून थांबतात. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात हा आहे, त्यामुळे गर्दी वाढलीय. मला विचाराल तर लहान मुलांना पन्हाळा, कारण तिथेही हात सुटतो. तटाच्या कडेला तेवढा घट्ट धरायचा. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे ते विचारून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. महापुरात तिकडचा रस्ताही पाण्याखाली जातो.

देवळाजवळच राहावं असे दिवसही आहेतच. नवरात्रात दर्शन हाच एकमेव हेतू असेल तर लांब उतरण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरात किंवा जानेवारीअखेर किरणोत्सवासाठी येणार असाल, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांवरून वर चढताना बघायची असतील, तरीही तिथेच राहा. आणि घरात फक्त मोठी माणसं असतील तर सासऱ्यांचं वाक्य शंभर टक्के बरोबर.

रंकाळ्याकडे ठरवलंत तर खोली तळ्याच्या तोंडाशी नको, एक गल्ली आतली मागा. वासही कमी, रविवारचा गोंगाटही कमी. खिडकीला जाळी आहे का हे फोनवरच विचारा, ‘डास नाहीत’ या उत्तरावर थांबू नका. शक्य झालं तर शनिवार-रविवार टाळा. आणि पहाटेच्या आरतीसाठी रिक्षावाल्याचा नंबर आदल्या रात्रीच घेऊन ठेवा. आमच्या रिक्षावाल्या काकांनी आईला ‘मावशी, मी हितंच थांबतो, निवांत दर्शन घ्या’ म्हणून सांगितलं होतं, आणि ते थांबलेही. त्या पहाटे मी झोपलो होतो.